कागदावर सतरा, घाटात दहा

"जुनी गाडीच बरी होती राव. ॲव्हरेज तरी द्यायची."

फुलंब्रीत स्टँडसमोर पिकअपवाल्यांच्या घोळक्यात पाच मिनिटं उभं राहा, हे वाक्य कानावर पडणारच. तिकडे शोरूममध्ये गेलात तर सेल्समन तितक्याच छातीठोकपणे सांगतो, "सर, नवीन इंजिन आहे, जुन्यापेक्षा जास्तच देणार." दोघांचाही आवाज मोठा, पण हातात वही एकाच्याही नाही.

विषय टपरीवरचा वाटतो, पण आहे पोटाचा. आपल्या तालुक्याला रेल्वे नाही. पीरबावडा, वडोद बाजार, बाबरा, आळंद, गणोरी... कुठल्याही गावातून अद्रक, टोमॅटो, मिरची, मका निघाला की तो पिकअपमध्येच चढतो आणि जाधववाडीच्या मार्केटला उतरतो. भाडं वाढवायचं झालं की गाडीवाला डिझेलकडे बोट दाखवतो. शेतकरी म्हणतो, गाडी तर नवी घेतलीस, मग भाडं का वाढलं? गाडीवाला म्हणतो, नवीच जास्त पिते. भांडण या दोघांत लागतं. ज्यांनी उत्तर द्यायला पाहिजे ते भलतीकडेच बसलेत, त्यांच्यापर्यंत मी येणारच आहे.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. नवी पिकअप जुनीपेक्षा जास्त डिझेल पिते, हे सरसकट खरं नाही. पण नवी पिकअप कागदावर सांगितलेलं ॲव्हरेज आपल्या मालासकट, आपल्या रस्त्यावर देत नाही, हे मात्र खरं आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या एकत्र कालवतो आणि मग चुकीच्या माणसाशी भांडत बसतो.

आधी जुन्या गाडीच्या आठवणीबद्दल. "माझी २०७ चौदा द्यायची." बरं, कशावरून? त्या काळातल्या निम्म्या गाड्यांच्या मीटरची केबल तुटलेली असायची. किलोमीटर मोजायचे ते गावं मोजून, फुलंब्री ते शहर धरा तीस. डिझेलही टाकी फुल करून कोण भरत होतं? दोनशेचं टाक, पाचशेचं टाक. ऑक्टोबर २०१४ पर्यंत डिझेलचा भाव सरकार ठरवायचं आणि १६ जून २०१७ पासून तो रोज बदलायला लागला. पन्नास-साठ रुपये लिटरच्या काळात एक किलोमीटर इकडेतिकडे झाला तर खिशाला कळत नव्हतं. आता नव्वदीच्या पुढे गेल्यावर प्रत्येक थेंब कळतो. आपण जुन्या गाडीचं ॲव्हरेज आठवत नाही, जुन्या डिझेलचा भाव आठवतो, असा मला दाट संशय आहे.

आणखी एक. जुनी गाडी ताशी पन्नासने चालायची, कारण त्यापुढे ती पळायचीच नाही आणि रस्ताही पळू द्यायचा नाही. शहर–सिल्लोड–अजिंठा रस्त्याचे हाल ज्यांनी सोसलेत त्यांना जास्त सांगायला नको. काँक्रीट झालेल्या पट्ट्यावर आता तीच माणसं ऐंशीने गाडी काढतात. वेग साठवरून ऐंशीवर नेला की हवेचा अडथळा पावणेदोन पट होतो. कार निदान निमुळती असते. पिकअपचं तोंड म्हणजे भिंत, वर हौद्याला फाळक्यापेक्षा उंच जाळी आणि तिच्यावर फडफडणारी ताडपत्री. ही सगळी हवा डिझेल जाळूनच ढकलावी लागते. या खर्चाची पावती इंजिनाच्या नावाने फाडण्यात अर्थ नाही.

जुन्या इंजिनाचा मोठेपणा मी नाकारत नाही. टाटा २०७ असो की महिंद्राची मॅक्स पिकअप, सगळा कारभार साध्या मेकॅनिकल पंपावर. पंप, नोझल, फिल्टर, संपलं. रस्त्यात बंद पडली तर ड्रायव्हर हातपंप मारून एअर काढायचा आणि निघायचा. गावातला मेकॅनिक कानाने सांगायचा की कुठलं नोझल ठिबकतंय. आजच्या गाडीला आधी स्कॅनर लागतो. वायरिंगमध्ये उंदराने एक तार कुरतडली की गाडी टोचन लावून शहरात. तो वैताग शंभर टक्के खरा आहे.

पण त्याच जुन्या गाड्या घाट चढताना काय करायच्या ते आठवा. काळ्या धुराचा लोट. तो काळा धूर म्हणजे धड न जळलेलं डिझेल, म्हणजे तुमच्या पैशाची काजळी. 'पंप वाढवून दे, ओढायला पाहिजे' म्हणून किती गाड्यांचे पंप वाढवले गेले, त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही. कॉमन रेल इंजिन तेच डिझेल प्रचंड दाबाने, बारीक फवारा करून, सेन्सरने मोजून टाकतं. नुसत्या इंजिनाची बरोबरी केली तर नवं उजवं आहे.

मग हातात ॲव्हरेज का येत नाही?

कारण इंजिन एकटं चालत नाही, अख्खी गाडी चालते. साठ-पासष्ट घोड्यांची ताकद होती ती पंचाहत्तर-ऐंशीवर गेली. केबिन मोठी झाली, पॉवर स्टिअरिंग आलं, काहींत एसी आला. पासिंग एक-सव्वा टनावरून दीड, पावणेदोन टनांपर्यंत गेली. आणि पासिंग दीड टनाची असली तरी माल अडीच टन भरायचा, हा आपला अलिखित कायदा. पाटे वाढवून घेतो आपण, टायर ओरडेपर्यंत भरतो आणि संध्याकाळी म्हणतो, दहाच देते.

शिवाय सायलेन्सरच्या नळीत बसलेला फिल्टर. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. बीएस-४ च्या डिझेलमध्ये गंधक दर दहा लाख भागांत ५० भाग चालायचं, ते १० वर आलं. कारच्या वर्गात किलोमीटरमागे काजळीची मर्यादा २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर आणली, म्हणजे ऐंशी टक्क्यांहून जास्त कपात. एवढी काजळी अडवायला डिझेल गाडीला फिल्टर बसवावा लागतो, डीपीएफ म्हणतात तो. हा फिल्टर भरला की आतली काजळी जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी गाडी स्वतःच थोडं जादा डिझेल खर्च करून धूर तापवते. गाडी सलग, एका चालीत पळाली तर हे काम आपसूक होतं. पण आपली पिकअप कशी चालते? शेतातून गावात, गावातून काट्यावर, काट्यावर अर्धा तास इंजिन चालू, मग मार्केटच्या गेटवर रांग. फिल्टर साफ होता होता गाडी बंद केली जाते, की काम अर्धवट. पुन्हा सुरू, पुन्हा जादा डिझेल. सलग लांब पल्ल्याला पळणाऱ्या गाडीला ही तोशीस कमी, तालुक्यातल्या तालुक्यात फिरणाऱ्याला जास्त. एकच मॉडेल, एकच साल आणि दोन ड्रायव्हर शपथेवर दोन वेगळे आकडे सांगतात, त्याचं एक कारण हे आहे.

इथल्या एका गाडीवाल्याने मला त्याची वही दाखवली. नाव लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही. प्रत्येक वेळी एकाच पंपावर टाकी फुल, किलोमीटरचा आकडा, किती लिटर बसलं, काय माल होता, सगळं लिहिलेलं. अद्रकीच्या दिवसांत, भरून जाणं आणि मोकळं येणं मिळून साडेदहा. लग्नसराईत मंडपाच्या खुर्च्या आणि भांडी वाहताना साडेतेरा. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, पंप तोच. फरक तीन किलोमीटरचा. टपरीवर जुन्या-नव्यात आपण जेवढा फरक सांगून भांडतो, तेवढा फरक एकाच गाडीत नुसत्या मालाने पडतो. डॅशबोर्डवर जे ॲव्हरेज दिसतं ते या वहीपेक्षा नेहमीच थोडं गोड असतं, असंही तो हसत म्हणाला.

आता जरा गणित, कंटाळू नका. समजा जुनी गाडी एक टन माल घेऊन लिटरला १३ देते. नवी, १.७ टन पासिंगची, पूर्ण भरून ११ देते. शंभर किलोमीटरला जुनीला ७.७ लिटर लागलं, नवीला ९.१. टपरीवर जुनी जिंकली. पण मालाने भागून बघा. एक टन माल शंभर किलोमीटर न्यायला जुनीने ७.७ लिटर घेतलं आणि नवीने सुमारे ५.३. टनामागे तीस टक्के कमी. म्हणजे ज्या गाडीला आपण 'पिणारी' म्हणतो तीच क्विंटलमागे स्वस्त पडते. अट एकच, गाडी भरलेली पाहिजे.

आणि घोडं इथेच पेंड खातं. आपला शेतकरी दोन एकरवाला. त्याच्याकडे एका तोड्याला पंचवीस-तीस कॅरेट टोमॅटो निघतात. भाडं ठरतं गाडीचं, मालाचं नाही. पावणेदोन टनांच्या गाडीत पाच-सहा क्विंटल माल नेला तर नव्या इंजिनाचा सगळा फायदा मोकळ्या हौद्यात वाया गेला. येताना गाडी मोकळीच. ज्या गावांत एकच गाडी चार शेतांवरून कॅरेट गोळा करते आणि कॅरेटमागे पैसे घेते, तिथे मोठी नवी गाडी खरंच परवडते. ज्या गावात प्रत्येकाला स्वतःची गाडी स्वतंत्र लागते, तिथे छोटा हत्ती किंवा हप्ते फिटलेली जुनी पिकअपच शहाणपणाची. आठवड्यातून दोन फेऱ्या मारणाऱ्याने डिझेल वाचेल म्हणून दहा लाखांचं कर्ज काढणं म्हणजे दुधासाठी म्हशीचा गोठाच विकत घेणं झालं. मात्र जुनी ठेवायची तर तिचा खर्चही धरा. धंद्याच्या गाडीला आठ वर्षांनंतर पर्यावरण कर, पुढे दरवर्षी फिटनेस आणि पंधरा वर्षांपुढच्या गाडीची फिटनेस फी २०२२ पासून कित्येक पटींनी वाढलेली.

एक फसगत मोजण्यातलीच आहे. आपण 'लिटरला किती किलोमीटर' विचारतो, विचारायला पाहिजे 'शंभर किलोमीटरला किती लिटर'. गाडी १५ ची १७ झाली तर शंभर किलोमीटरला वाचतं पाऊण लिटरच्या आसपास. १० ची १२ झाली तर वाचतं १.७ लिटर. वाढ दोन्हीकडे दोनचीच, बचत दुपटीहून जास्त. पिकअप जगते ती दहा-बाराच्या पट्ट्यात. तिथे हवेचा दाब, वेग, काट्यावर चालू ठेवलेलं इंजिन, या बारीकसारीक गोष्टींचा पैसा कारवाल्यापेक्षा आपल्याला जास्त लागतो.

आता कागदाकडे येऊ. नव्या पिकअपच्या जाहिरातींत लिटरला सतरा, अठरा किलोमीटर असे आकडे झळकतात. महिन्याला अडीच हजार किलोमीटर चालणारा माणूस सतरा धरून हिशेब मांडतो, डिझेल १४७ लिटर. हाती अकरा आले तर लागतं २२७ लिटर. ऐंशी लिटरचा फरक, नव्वदच्या भावाने महिन्याला ७,२०० रुपये. वर्षाला ८६ हजारांवर. हप्ता थकतो तो इथे. कर्ज काढताना त्याने आकडा मनाने काढला नव्हता, छापील कागदावरून घेतला होता.

तो कागद खोटा असतो का? खोटं म्हणता येत नाही आणि मुद्दा त्याहून चीड आणणारा आहे. आपल्याकडे साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांची धुराची आणि इंधनाची अधिकृत तपासणी प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून होते. पुण्यात टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही त्यातली मानाची संस्था. चाचणीचा ठरलेला क्रम साधारण वीस मिनिटांचा, अकरा किलोमीटरच्या आत-बाहेर, कमाल वेग ताशी ९०. तिथे चौक्याचा घाट नाही, मार्केटची रांग नाही आणि महत्त्वाचं म्हणजे हौद्यात पूर्ण माल नाही. माल वाहायलाच जी गाडी जन्माला आली तिचं मोजमाप भरलेल्या मालाशिवाय. जाहिरातीतला आकडा नेमका कुठल्या वजनावर, कुठल्या वेगाला काढला, हे घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. बारीक अक्षरांत 'प्रमाणित चाचणी परिस्थितीत' एवढं लिहिलं की कंपनी मोकळी.

आणि सरकार? बीएस नियम सांगतात की नळीतून काय बाहेर पडावं. टाकीतून किती आत जावं, याचे नियम वेगळे. कारसाठी इंधन वापराचे बंधनकारक निकष २०१७ पासून आले, २०२२ मध्ये आणखी कडक झाले. साडेतीन टनांच्या वरच्या ट्रक-बससाठीही स्थिर वेगाच्या चाचणीवरचे निकष आले. मधे राहिली कोण? साडेतीन टनांच्या आतली मालवाहू गाडी. तुमची-आमची पिकअप, छोटा हत्ती. साहेबांच्या कारला माप, मोठ्या ट्रान्सपोर्टरच्या ट्रकला माप आणि शेतकऱ्याचा माल वाहणाऱ्या गाडीला ते निकष लागू झाले तेव्हा काहीच नाही. २०२३ च्या एप्रिलपासून प्रत्यक्ष रस्त्यावर गाडी चालवून धूर मोजण्याचा नियम आला. रस्त्यावर धूर मोजता येतो, तर डिझेलही मोजता येईलच ना?

हे दुखणं एकट्या भारताचं नाही. अमेरिकेत नव्या कारच्या काचेवर ॲव्हरेजचं लेबल लावणं कित्येक दशकांपासून सक्तीचं आहे. कागदावरचं आणि हातातलं जुळत नाही अशी ओरड झाली तेव्हा २००८ च्या मॉडेलपासून तिथे हिशेबात जादा वेग, एसी आणि थंडी धरायला लागले. पण तिथेही ८,५०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३,८५० किलोच्या वरच्या वजनदार पिकअपना हे लेबल लावावं लागत नाही. कामाच्या गाडीचं माप टाळायची सवय जगभरची दिसते. आपण तिची नक्कल करायची काही गरज नाही.

ही पोकळी भरून कोण काढतंय ते सांगतो, कारण मला जास्त काळजी त्याची आहे. गॅरेजवाले. "डीपीएफ काढून टाकू, ईजीआर बंद करू, प्रोग्रॅम मारू, दोन किलोमीटर ॲव्हरेज वाढेल." फिल्टर पोकळ करून मिळतो, बाहेरून पाइप जसाच्या तसा. काही दिवस गाडी हलकी पळते हे खरंही असेल. पण प्रदूषणाचे नियम मोडणारी गाडी रस्त्यावर चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. वॉरंटी जाते ती वेगळीच. आणि पोलीस बाजूला ठेवा. ही गाडी रात्री तुमच्याच गल्लीत उभी राहते, सकाळी तुमच्याच अंगणात सुरू होते. सहा वर्षांपूर्वी बाजारपट्टीत जी काजळी दुकानांच्या शटरवर बसायची ती लेकरांच्या छातीतही बसत होती. दोन किलोमीटरसाठी ती परत आणायला माझा साफ विरोध आहे, मग कुणाला राग आला तरी चालेल. एवढंच म्हणतो की ज्याच्याशी खरं बोललं गेलं असतं तो गाडीवाला या फंदात पडला नसता. सतराची आशा दाखवून अकरा हातात ठेवले की माणूस उरलेले सहा कुठूनतरी काढायला बघतो.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक नव्या पिकअपच्या काचेवर दोन आकडे छापा, मोकळी गाडी किती देते आणि पासिंगएवढा माल भरून किती देते. शंभर किलोमीटरला लिटर, असे. चाचणी कंपनीने नाही, एआरएआयसारख्या संस्थेने केलेली. इंधन वापराच्या निकषांत साडेतीन टनांखालची मालगाडी कारच्या बरोबरीने घ्या. रस्ते वाहतूक खातं कित्येक वर्षांपासून नागपूरच्या गडकरी साहेबांकडे आहे, विदर्भ-मराठवाड्यातली पिकअप काय काय वाहते हे त्यांना दिल्लीतल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक असणार. आपल्या खासदार-आमदारांनी हा विषय एकदा लावून धरावा. पुलाच्या उद्घाटनाइतके फोटो यात निघणार नाहीत, ते मान्य.

तोवर आपला आकडा आपणच काढू. पद्धत त्या वहीवाल्याची. एकाच पंपावर, पहिल्या कटला थांबून टाकी फुल. किलोमीटर लिहा. किमान तीनदा टाकी भरेपर्यंत चालवा, मगच भागाकार करा. एका टाकीवर विश्वास ठेवू नका.

ज्यांच्याकडे असा आकडा आहे त्यांनी खाली लिहा. गाडी कुठली, कुठल्या सालची, बीएस-३, ४ की ६, माल किती क्विंटल, रस्ता कुठला, येताना मोकळी की भरलेली. 'चांगलं देते', 'भंगार आहे' असं लिहू नका, त्याने कुणाचं भलं होत नाही. मीटर बंद असेल तर तसं सांगा, लाजू नका. आणि फुलंब्री, सिल्लोड, खुलताबाद, कन्नडवाल्यांनी आवर्जून लिहा. तीस-चाळीस वह्या जमल्या तर त्यांचा तक्ता करून मी इथेच टाकतो आणि एक प्रत परिवहन खात्याला पाठवतो.